चांदीची सुई, बेटाची कड

ता. ८ जानेवारी, गुरुवार

रेश्मा संध्याकाळच्या लोकलने आली ती दारातच बसली. चहा नको म्हणाली. सून चहा नको म्हणाली की घराला कळतं. ही (आमची मंडळी) माझ्याकडे बघते, मी पेपरात.

मग तिनेच फोनवर फोटो दाखवला. काळ्यावर पांढरं काहीतरी जाडजूड, टोकाशी मोडलेलं. म्हटलं, गाजर कुणाचं?

"आबा, ही चांदीची सुई आहे. हजारोपट मोठी करून काढलेला फोटो."

अशी अकरा गाजरं झाली म्हणे. विकतच्या सुया परदेशातून यायच्या, दोन महिने पत्ता नाही. लोणावळ्याच्या प्रयोगशाळेतलं मशीन रेश्माच्या नावावर २८ फेब्रु.पर्यंतच. मग दुसऱ्या गटाकडे. पुन्हा पाळी दिवाळीनंतर, आणि शिष्यवृत्ती मेअखेर संपणार. तोवर एक चित्र मिळालं तर पीएच.डी. नाहीतर पाच वर्षं...

वाक्य तिने पुरं केलं नाही. मीही लिहीत नाही.

ता. ९ जाने., शुक्र.

सकाळी विचारलं, सुई करता कशी? तार द्रावणात अर्धी बुडवायची, करंट सोडायचा. पाण्याच्या पातळीशी चांदी विरघळत जाते, तिथे कंबर बारीक होते, शेवटी खालचा तुकडा गळून पडतो. वर राहील ते टोक. तुकडा पडला की सर्किट करंट बंद करतं.

मला हसू आलं. एकतीस वर्षं प्लेटिंग खात्यात काढली. आम्ही चांदी चढवायचो, रेश्मा उतरवते, एवढाच फरक. बिघडलेला माल आम्हीही उलटा करंट देऊन सोलायचो.

म्हटलं, "तुझं सर्किट तुकडा पडल्यावर जागं होतं. तोवर टोक खाऊन झालेलं असतं."

"मग काय करायचं?"

"पडायच्या आधी थांबायचं. उरलेला धागा तुकड्याच्या वजनानं आपोआप तुटेल."

"आधी कसं कळणार पण?"

ते मला सांगता येईना. हाताला कळतं म्हटलं तर शिकलेली माणसं हसतात. रेश्मा हसली नाही. उद्या तार आणते म्हणाली.

अमोलला (आमचे चिरंजीव, चाकणला कंपनीत) हे सांगितलं तर म्हणतो, "बाबा, ते नॅनो आहे. तुमचं काम नव्हे." बघू.

ता. ११ जाने., रवि.

मागच्या गॅलरीत दुकान मांडलं. करंटसाठी बॅटरी एलिमिनेटर, तो मोजायला निवृत्तीच्या वेळी भंगारातून मागून घेतलेला काट्याचा ॲमीटर, काचेचं भांडं, रबरी हातमोजे. द्रावण सायट्रिक ॲसिडचं. ही म्हणते, "म्हणजे लिंबूसत्त्वच ना? मग उगाच भाव कशाला खाता?"

पाच तारा वाया. हात थरथरतो म्हणून नव्हे, हात ठीक आहे. वेळ चुकते. काटा हळूहळू उतरतो, मग एकदा दचकतो. त्या दचकण्यापासून पुढे किती थांबायचं? एक-दोन-तीन मोजलं की दर वेळी वेगळं पडतं. आकडे घाईत पळतात.

सहाव्या तारेला आपोआप ओठांवर आलं ते कामशेतच्या शाळेतलं. गुरुजी छडीने टेबलावर ताल धरायचे आणि आख्खा वर्ग बाक बडवायचा. लगागा लगागा लगागा लगागा. भुजंगप्रयात. वडिवळ्याहून चालत यायचो, वाटभर तेच. घाई करता येत नाही त्यात, रेंगाळताही येत नाही. कवितेचे शब्द म्हणायचे नाहीत, शब्द म्हटले की मन त्या कवितेत जातं आणि मी अर्धा तास परत येत नाही. नुसतं लगागा.

काटा दचकल्यावर दोन ओळी. बटण बंद. तुकडा एक क्षण लोंबकळला आणि सुटला.

डोळ्यांना काही दिसत नाही. टोक आहे की नाही ते लोणावळ्यालाच कळणार.

ता. १४ जाने., बुध.

दु. १२ ला रेश्माचा फोन. "आबा, टोक आहे." मागे कुणीतरी शिट्टी वाजवली.

केसाचे उभे हजारो भाग केले तर त्यातला एक, एवढं बारीक टोक. मी केलेलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाने.

हिला सांगितलं. म्हणाली, "आणि माझ्या सुईत दोरा ओवायला सांगितला तर दिसत नाही म्हणता."

ता. १६ जाने., शुक्र.

रेश्माने जेवणानंतर कागदावर सगळं समजावलं. इथे उतरवून ठेवतो, उद्या विसरेन.

सोन्याचा सपाट पत्रा. त्यावर पॅलेडियमची बेटं. बेटाची उंची एका अणूची, म्हणजे कडेला एका अणूची पायरी. हे बेट म्हणजे उत्प्रेरक. वर एक रेणू पसरायचा, हायड्रोजन सोडायचा, की रेणू बदलतो. प्रश्न एकच: बदलतो कुठे? बेटावर सगळीकडे, की फक्त कडेला? रेश्मा म्हणते कडेला. आजवर कडेवर बोट ठेवून कुणी तिला दाखवलेलं नाही. तिला ते *बघायचं* आहे.

बघायचं कसं? प्रत्येक रेणू आपल्या तालात थरथरतो. लेझर पडला की तो ताल उजेडात उमटतो. चांदीच्या टोकामुळे नेमका टोकाखालच्या रेणूचाच उजेड वाढतो. पडद्यावर रेघ येते, रेघेवर डोंगर. रेघेखालच्या पट्टीवर तेराशे-चाळीसच्या आसपास डोंगर असला तर जुना रेणू. तो डोंगर बसला, की क्रिया झाली.

म्हटलं, म्हणजे लगक्रम मांडायचा आणि वृत्त ओळखायचं.

"तसंच, आबा. फक्त प्रत्येक ठिकाणी एक, अशी हजारो वृत्तं."

आता झोप येत नाही. हजारो वृत्तं.

ता. १८ जाने., रवि.

विहारातून परत. वंदनेनंतर बायकांनी हिला गाठलं, सून काय करते म्हणून. ही म्हणाली, "सोन्यावर काय चाललंय ते बघते. आणि सुया आमच्याकडून जातात." आमच्याकडून. रबरी हातमोज्यांना हातसुद्धा लावत नाही ही.

तरी एक काम हिने चांगलं केलं. सुया न्यायला घट्ट झाकणाची डबी शोधून दिली. आत मेणाचा थर, त्यात सुया उभ्या खोचायच्या. झकास.

रेश्माने मला काटा दचकल्यानंतरचे सेकंद विचारले होते. वहीत लिहायचे आहेत. मी म्हटलं सेकंद नाहीत, दोन ओळी. तिने तसंच लिहिलं. तिच्या गाईड मॅडमनी वही बघून विचारलं, हे एकक कुठलं.

ता. २३ जाने., शुक्र.

पेढे. रेश्मा स्वतः घेऊन आली.

सुया उत्तम चालतायत. आणि रेघेवर नवाच डोंगर, सहाशेच्या आसपास. ना जुन्या रेणूचा, ना नव्याचा. मॅडमना वाटतं हा मधला टप्पा असेल, रेणू बदलता बदलता क्षणभर जो होतो तो. कुणी पाहिलेला नाही म्हणे. मॅडम स्वतः मशीनपाशी उभ्या राहिल्या, डबाही खाल्ला नाही.

मी दोन पेढे खाल्ले. हिने बघितलं नाही असं वाटलं, बघितलं होतं.

ता. २७ जाने., मंगळ.

नवा डोंगर सगळीकडे आहे. बेटावर, सोन्यावर, कडेला, कडेपासून दूर. रेश्मा आनंदात हवी, ती पुन्हा पुन्हा रेघा तपासतेय. मधला टप्पा सगळीकडे कसा असेल? तो तर क्षणभराचा.

आज आणखी चार सुया दिल्या. चांदी थोडी पिवळट वाटली. प्लेटिंगमध्ये चांदी पिवळी पडली की आम्ही काय शोधायचो? गंधक. पण इथे गंधक कुठून येणार? माझाच चष्मा पिवळा असेल.

ता. ३ फेब्रुवारी, मंगळ.

आजचा दिवस लिहावासा वाटत नाही, पण लिहितो.

रेश्माने काल कोऱ्या काचेवर सुई उतरवली. वर रेणू नाही, बेट नाही, सोनं नाही. डोंगर आहेच. म्हणजे डोंगर सुईचाच. सुईला काय लागलंय ते कळेना.

आज संध्याकाळी ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली. ही वरणाला फोडणी देत होती. रेश्मा ग्लास हातात धरून तशीच उभी. मग पर्समधून सुयांची डबी काढली, झाकण उघडून नाकाशी धरली.

"आई, या डबीत आधी काय होतं?"

"हिंग. पण तीनदा घासलीय गं. उन्हात दोन दिवस वाळवली."

हिंगात गंधक. मेणाने हिंग धरून ठेवला, चांदीने मेणातून घेतला. दहा दिवस आमची सुई ज्या नव्या टप्प्याचं वृत्त गात होती तो वरणाचा टप्पा होता.

कुकरची शिट्टी झाली तेव्हा रेश्मा हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी. ते पाणी हसण्याचंच होतं असं मी समजतो. चोवीस दिवस उरले. पंचवीस.

ता. ४ फेब्रु., बुध.

ही जेवली नाही. "माझ्यामुळे पोरीचं नुकसान झालं." मी म्हटलं पिवळेपणा मला दिसला होता, बोललो नाही, दोष माझा. त्यावर म्हणाली, "तुम्ही नेहमीच उशिरा बोलता, ते सोडा." मग जेवली.

मॅडमना रेश्माने खरं ते सांगितलं. मी धास्तावलो होतो. मॅडमनी डबी हातात घेऊन बघितली म्हणे. मग म्हणाल्या, "म्हणजे आपली सुई हिंगसुद्धा पकडते. सुई उत्तम आहे. डबी बदला."

अशी साहेब एकतीस वर्षांत एकदा मिळायला हवी होती.

ता. ७ फेब्रु., शनि.

नवी पद्धत. डबी बंद. प्रयोगशाळेतल्या भट्टीत तापवलेल्या काचेच्या नळ्या. सुई सकाळी करायची आणि त्याच दिवशी वापरायची, चांदीला हवा लागू द्यायची नाही. मी पहाटे उठून तीन सुया करतो, साडेआठच्या लोकलने रेश्माबरोबर लोणावळ्याला. नळी मीच धरतो. तिची बॅग हलते, माझा हात हलत नाही.

वाफ नको म्हणून गॅलरीत गरम पाण्याची बादलीसुद्धा ठेवायची नाही असा हिचा हुकूम. आणि स्वयंपाकात हिंग बंद. अमोल म्हणाला, "किती दिवस?" ही म्हणाली, "पीएच.डी. होईपर्यंत."

आज मशीन बघितलं. मला वाटलं होतं केवढं असेल. टेबलाएवढं टेबल, त्याखाली हवेचे पाय, वर घंटेसारखं झाकण, आत लेझरचा हिरवा ठिपका. मॅडम साधी कॉटनची साडी नेसलेल्या, मला म्हणाल्या, "या आबा. दोन ओळी तुम्हीच का?"

ता. ८ फेब्रु., रवि.

कालची रेघ स्वच्छ. सहाशेला काहीच नाही. तेराशे-चाळीसला जुना डोंगर, उभा. सुई जागेवर आली.

पण चित्र नाही. चित्र एकेक ओळ रंगवत जातं, दोन तास लागतात. आणि दर गाडीला सुई हलते, आडवा ओरखडा उठतो. इमारत रुळांपासून लांब नाही. एरवी रेश्मा एका ठिकाणची रेघ मिळवत आली होती, तिला दोन मिनिटं पुरतात. दोन तास गाडी न येणं म्हणजे...

लोणावळ्याला.

ता. १२ फेब्रु., गुरु.

चार दिवसांत सात चित्रं, सातही ओरखड्यांची. वेळापत्रक काढून बसलो. मेल-एक्स्प्रेस, लोकल, सगळं मांडलं. दुपारी चाळीस मिनिटांची फट सापडते. त्या फटीत मालगाडी येते, मागे-पुढे इंजिनं लावून. तिला वेळापत्रक नाही.

शेलारला फोन केला. शाळेतला सोबती, रेल्वेत रूळ तपासण्यात जन्म गेला, आता खंडाळ्याला असतो. म्हणाला, "नामा, मालगाडी काय मला इचारून येती व्हय? ती कुटं हाय ते डायवरला बी ठावं नसतं." बराच वेळ शाळेचं बोललो. त्याला गुरुजींची छडी आठवते, वृत्त आठवत नाही. "तू म्हनायचास, आन मार आमी खायचो."

शेवटी म्हणाला, इचारून सांगतो.

ता. १७ फेब्रु., मंगळ.

वडिवळ्याला थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे. इंद्रायणी तांदूळ आणायचा होता. धरणाचं पाणी खाली गेलंय, खाचरं सुकलेली, भाताची धसकटं उरलीत. बसून राहिलो बांधावर. इथेच पाठांतर करायचो. उजळणी झाली की मोठ्याने म्हणायचो आणि समोरच्या डोंगराने परत म्हटलं की तो नापास की पास ते ठरवायचो.

अक्का पंच्याऐंशीची आहे, कान तिखट. "नामा, तुजी सून काय करती रं? लोकं इचारत्यात."

सांगायचा प्रयत्न केला. सुई, बेट, कड.

"म्हंजी सुईनं बगती?"

"व्हय."

"मग डोळं कशाला दिल्यात?"

थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "भात कुटं आधी पिकतो म्हाईत हाय का तुला? बांधाच्या कडंला. मदी मागनं." मी म्हटलं हे सगळीकडेच असेल असं नाही अक्का. "तू शेती केलीस का मी?"

रेश्माला सांगितलं. ती म्हणाली, "अक्कांना सांगा, मी नांगरते आहे."

अकरा दिवस.

ता. २० फेब्रु., शुक्र.

शेलारचा फोन, सकाळी सातला.

"नामा, आइतवारी घाटात ब्लॉक हाय. रुळाचं काम. साडेअकरा ते अडीच. एकबी गाडी हलनार न्हाई, मालगाडी बी न्हाई. लोकं शिव्या देतील. तुज्या सुनंला सांग, पेढं मला आनायचं."

पेपरात छोटी चौकट आलीच, प्रवाशांनी नोंद घ्यावी. एकतीस वर्षं असल्या चौकटी बघून कपाळाला हात लावला. आज कात्रीने कापून भिंतीला लावली.

ता. २१ फेब्रु., शनि.

रविवारी जायला लोकल असेल की नाही भरवसा नाही, म्हणून रेश्मा आणि मी आज दुपारीच लोणावळ्याला आलो. गाठोडं: एलिमिनेटर, ॲमीटर, भांडं, तारा. सुया उद्या सकाळी इथेच करायच्या. मॅडमनी संस्थेच्या पाहुण्यांच्या खोलीत व्यवस्था केली.

हिने डब्यात धपाटे दिलेत. बिनहिंगाचे, हे तीनदा सांगून.

ता. २२ फेब्रु., रविवार

नीट लिहितो.

सकाळी सात ते नऊ, सहा सुया. खोलीतलं टेबल डगमगत होतं, खाली वही सरकवली. दोन वाकड्या. एक चांगली वाटली पण रेश्माने तपासली तर गाजर. दोन बऱ्या. एक अशी की तिने फोटो बघून तो मॅडमच्या पुढे नुसता धरला.

सव्वाअकराला शेवटची गाडी गेली. घाटाकडे आवाज बारीक होत गेला. साडेअकरा. रेश्माने सुई उतरवली. मला कोपऱ्यात स्टूल, बोलायचं नाही, पाय हलवायचा नाही, शक्य तर श्वासही बेताने. मॅडमनी पंखा बंद केला. लोणावळ्यात एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. लांब कुठेतरी कुणी धुणं आपटत होतं, तेवढंच.

खालून वर, एकेक ओळ. जिथे जुना डोंगर उभा तिथे निळा रंग, जिथे बसला तिथे पिवळा. पहिली वीस मिनिटं निळं. नुसतं निळं. रेश्माची मान मला मागून दिसत होती, ती हलत नव्हती. मला वाटलं, संपलं. कडेला काही नाही, बेटावर काही नाही, मुलीची पाच वर्षं निळी.

मग एक पिवळा कण. पुढच्या ओळीत दोन. पुढच्या ओळीत डावीकडे एक आणि उजवीकडे एक, मध्ये निळंच. तेव्हा मला कळेना काय होतंय. रेश्माला कळलं. तिने खुर्चीचा हात धरला.

बेटाची किनार येत होती. ओळीमागून ओळ, डावीकडे पिवळं, उजवीकडे पिवळं, मधलं निळं. निळ्या लुगड्याला जरीचा काठ विणला जावा तसा. आजीच्या गावात कुणी साळी होता, त्याचा माग बघितला होता लहानपणी, तसंच, एक धागा, एक धागा. दीड वाजता काठ वरच्या बाजूने जुळला. बंद झाला. बेट.

कडेला. फक्त कडेला.

मॅडम उठल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. पाठमोऱ्या. मग म्हणाल्या, "रेश्मा, पुन्हा घे. दुसऱ्यांदा आलं तरच आलं."

एक तास उरला होता, लागणार होते दोन. अर्धंच होईल म्हणून अर्ध्यासाठी सुरू केलं. अडीचला दहा मिनिटं असताना माझा फोन थरथरला. बाहेर जाऊन घेतला, शेलार. "नामा, काम संपलं न्हाई. अजून तासभर ब्लॉक वाढला. स्टेशनात लोकं खवळल्याती." मी आत जाऊन कागदावर लिहून रेश्मासमोर धरलं. *एक तास वाढला.* तिने वाचलं आणि आज पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

दुसरं चित्र पुरं झालं. तोच काठ. त्याच जागी.

त्यानंतर दहाएक मिनिटांनी पहिली गाडी आली आणि काचा थरथरल्या. रेश्मा म्हणाली, "आता खुशाल जा गं बाई." गाडीला.

धपाटे तिघांनी खाल्ले. मॅडमनी चार.

ता. २३ फेब्रु., सोम.

काल रात्री उशिरा घरी. हिने ऐकून घेतलं, सगळं, एकदाही मध्ये न बोलता. मग उठून डब्यातून हिंगाचा खडा काढला.

अमोलने चित्र फोनवर घेतलं आणि त्याच्या कंपनीच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं: माझी बायको आणि माझे बाबा. बायको आधी लिहिली. बरोबर.

अक्काला फोन. "कडंलाच हाय अक्का." पलीकडे जराही आश्चर्य नाही. "मग काय सांगत व्हते मी? तांदूळ संपला का?"

शेलारला पेढे पाठवले. अर्धा किलो म्हणालो होतो, रेश्माने एक किलो घेतले.

दिवसभर काही केलं नाही. गॅलरीत बसलो. शाळेत एकदा पाठांतरात पहिला आलो होतो तेव्हा बक्षीस म्हणून शिसपेन्सिल मिळाली. तिला मी वर्षभर टोक काढलं नाही. संपेल म्हणून.

ता. २८ फेब्रु., शनि.

मशीन दुसऱ्या गटाकडे गेलं. रेश्माने स्वतः पुसून, झाकून दिलं. मी गेलो होतो. त्या गटातला एक मुलगा म्हणाला, "आबा, आम्हालाही सुया लागतील." मॅडम म्हणाल्या, "रांगेत उभे राहा."

पाच दिवसांत मॅडमनी आणि रेश्माने दोन्ही चित्रं उलटसुलट तपासली. काठ पक्का. शंका नाही. फक्त एक आहे. बेटाच्या ऐन मध्यावर, कडेपासून दूर, एक पिवळा ठिपका. दोन्ही चित्रांत, त्याच जागी. तिथे पायरी नाही. मशीन उंचीचंही चित्र काढतं, ते तिथे सपाट आहे.

हा मला रविवारीही दिसला होता. मला वाटलं, माझ्याच नजरेतला.

ता. १२ मार्च, गुरुवार

लेख काल गेला. रेश्माने माझ्यासाठी एक प्रत छापून आणली. आभारात माझं नाव आहे, सुयांसाठी. हिचं नाही म्हणून ही रुसली, मग म्हणाली, हिंगाचं छापलं असतं त्यापेक्षा बरं.

इंग्रजी, शब्दकोश घेऊन वाचतोय. दोन दिवसांत चार पानं. आज ठिपक्यापाशी पोचलो. चित्रातून तो बाजूला काढता आला असता, बेट थोडं कापून घेतलं की झालं, कुणाला कळलं नसतं. तिने ठेवलाय. त्याच्याभोवती बारीक गोल आणि मजकुरात एकच वाक्य. दोनदा शब्दकोश बघितला, अर्थ तोच निघतो: याचं कारण आम्हाला अजून सांगता येत नाही.

प्लेटिंग खात्यात माल परत आला की कार्ड भरायचो. त्यात 'कारण' असा रकाना. रिकामा सोडला तर बोलावणं यायचं. म्हणून भरायचो. धूळ. तापमान. तेलकट हात. निम्म्या वेळा मला कारण माहीत नसायचं. एकतीस वर्षांत एकदाही तसं लिहायची छाती झाली नाही. रेश्माने छापायला दिलंय, सगळ्या जगासमोर, सही करून.

रात्री जेवताना तेच निघालं. मॅडमना वाटतं तिथे एखादा अणू निसटला असेल, खड्डा पडला असेल, म्हणजे तीही एक कडच. रेश्माला तसं वाटत नाही. नव्या गटाने एक दुपार द्यायचं कबूल केलंय, कधी ते नक्की नाही. गाड्यांचं काय करायचं तेही नाही.

"आबा, तुम्हाला काय वाटतं?"

उत्तर जिभेवर आलं होतं. सवयीचं. वाढलेलं ताट पुढे, ही बघतेय, अमोल बघतोय.

म्हटलं, "बघितल्याशिवाय सांगणार नाही."